नऊ लाखांत लक्झरी गाडी : घेताना स्वस्त, सांभाळताना किती?



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या कॅश-फ्लोच्या बॅचमधले एक दादा. चाकणकडे छोटं फॅब्रिकेशन युनिट, सात कामगार. वर्ग संपल्यावर मोबाइल पुढे करून म्हणाले, "सर, ही बघा. नवी असताना चाळीस लाखांच्या वर होती, आता नऊ लाखांत देतोय. घेऊ का?" काळी, चकचकीत जर्मन सेडान. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा कंपनीचा नाही. मला पुढच्या बॅचची घाई होती. मी हसून म्हटलं, "घेऊन टाका दादा, कष्ट केलेत तुम्ही."

दादांनी घेतली. खेळत्या भांडवलातून. पाचव्या महिन्यात, दिवाळीच्या तोंडावर, गिअर बदलताना झटके बसायला लागले. गॅरेजवाल्याने तीन लाखांचा अंदाज दिला. त्याच महिन्यात एका पार्टीचं पेमेंट अडकलेलं. पत्रा उचलायला पैसे नाहीत म्हणून हातातली ऑर्डर दुसऱ्याकडे गेली. पोरांना बोनस दादांनी दिला, पण घरातलं सोनं गहाण ठेवून. नंतर भेटले तेव्हा म्हणाले, "सर, गाडी चांगलीच होती हो. पण तिचा पगार माझ्या दोन वेल्डरांपेक्षा जास्त निघाला."

दर महिन्याला मी तुम्हाला हिशोब शिकवतो, आणि त्या दिवशी दादांना मी हिशोब न करता सल्ला दिला. तो हिशोब आज करू. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट : गाडीची किंमत पडते, पार्टची पडत नाही

हे एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी लेख वाचल्याचं सार्थक होईल. चाळीस लाखांची गाडी दहा-बारा वर्षांनी आठ-नऊ लाखांवर येते. पण तिचा हेडलाइट, तिचा गिअरबॉक्स, तिचे टायर हे चाळीस लाखांच्या गाडीचेच असतात. त्यांच्या किमती वर्षागणिक वाढतातच.

साध्या हॅचबॅकमध्ये मोठं काम निघालं तर ते गाडीच्या किमतीच्या पाच-दहा टक्क्यांत बसतं. इथे एकच मोठं काम गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जाऊ शकतं. आणि पहिल्या मालकाने ती विकायला काढली ती बहुतेकदा त्याच सुमारास, म्हणजे वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज संपल्यावर, मोठी कामं तोंडावर आल्यावर. तो वाईट माणूस नाही. त्याने त्याचा हिशोब केला. आता तुम्ही तुमचा करा.

खरं उदाहरण : बीएमडब्ल्यू ५२०डी, एफ-१० पिढी

सेकंडहँड बाजारात ही गाडी भरपूर दिसते, म्हणून हीच घेऊ. एफ-१० ही ५ सिरीजची पिढी आपल्याकडे २०१० मध्ये आली आणि २०१७ मध्ये नवीन जी-३० आल्यावर तिची जागा गेली. जोडणी चेन्नईजवळच्या कारखान्यात. ५२०डी मध्ये १९९५ सीसीचं डिझेल इंजिन आणि झेडएफचा आठ स्पीड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. चालवायला उत्तम, हायवेला शांत, आणि या आकाराच्या मानाने डिझेल कमी पिते. गाडी खराब आहे असं मी म्हणत नाही. वय झालं की काय काय होतं, तेवढं बघू.

१) टायमिंग चेन. सुरुवातीच्या ५२०डी मध्ये एन-४७ नावाचं इंजिन आहे. त्याची टायमिंग चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे बसवलेली आहे. चेन आणि तिचे गाइड झिजतात, आणि ही तक्रार प्रामुख्याने २०११ पर्यंतच्या इंजिनांबद्दल आहे. पार्ट फार महाग नसतो, पण तिथे पोचायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून मजुरी वाढते. दुर्लक्ष करून चेन तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच जातं. लक्षण काय? सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर मागच्या बाजूने खरखर, साखळी ओढल्यासारखा आवाज. म्हणून गाडी नेहमी थंड असताना बघायला जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर बोनेटवर हात ठेवा आणि "उद्या सकाळी येतो" म्हणा.

२) ईजीआर कूलर. धुराचा काही भाग थंड करून परत इंजिनमध्ये सोडणारी ही यंत्रणा. त्यातून कूलंट गळून काजळीत मिसळलं तर आग लागण्याचा धोका असतो. याच कारणासाठी बीएमडब्ल्यूने २०१८ मध्ये अनेक देशांत डिझेल गाड्या परत बोलावल्या होत्या. तुम्ही बघताय त्या गाडीचं काही काम बाकी आहे का, ते चॅसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. शिवाय रोज घर ते दुकान तीन किलोमीटर अशी गाडी चालली असेल तर काजळी जास्त साठते. डिझेल गाडीला अधूनमधून हायवे लागतो.

३) गिअरबॉक्स. "याचं ऑइल लाइफटाइम आहे, बदलावं लागत नाही," असं तुम्हाला सांगतील. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते. यात फिल्टर आणि खालचा प्लॅस्टिकचा पॅन एकत्रच असतो, म्हणून नुसतं ऑइल नाही, पॅनही बदलतो. आधीच्या मालकाकडे याचं बिल आहे का? नसेल तर हा खर्च तुमच्या नावावर धरा.

४) सस्पेन्शन. पुढचे आर्म, त्यांचे बुश, लिंक. आपल्या खड्ड्यांत ते लवकर सैल होतात. स्पीडब्रेकरवर खडखड, ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरणं, ही लक्षणं. हे काम एकदम जीवघेणं नाही, पण दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी निघतं.

५) टायर. यातल्या बऱ्याच गाड्यांना रन-फ्लॅट टायर असतात. पंक्चर झालं तरी थोडं अंतर जातात, पण महाग असतात. कडा कडक असल्याने खड्ड्यात आपटून फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर टाकूनच द्यायचा. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे प्रत्येक वेळी काम होईलच असं नाही.

६) बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स. बॅटरी एजीएम प्रकारची असते. नवी बसवली की गाडीच्या कॉम्प्युटरला तसं स्कॅनरने कळवावं लागतं, नाहीतर ती जुन्या बॅटरीच्या हिशोबाने चार्ज होत राहते. सनरूफच्या पाण्याच्या नळ्या तुंबल्या तर पावसाळ्यात पाणी आत उतरतं आणि मॉड्यूल खराब होतात. कोकणातून किंवा मुंबईतून आलेली गाडी असेल तर मॅट उचलून ओल बघा, वास घ्या. उभ्या गाडीत उंदरांनी वायरिंग कुरतडणं हा तर आपला जुना पाहुणा.

दुसऱ्या गाड्यांचं काय?

मर्सिडीज ई-क्लासची डब्ल्यू-२१२ पिढी (२००९ ते २०१६) बघत असाल तर ई २५० सीडीआयच्या ओएम-६५१ डिझेल इंजिनातही टायमिंगची यंत्रणा मागेच आहे. सुरुवातीच्या वर्षांत इंजेक्टरच्याही तक्रारी होत्या. ते बदलले आहेत का, विचारा. ऑडी ए-६ घेताना गिअरबॉक्स कोणता ते आधी बघा. काही गाड्यांत मल्टिट्रॉनिक नावाचा बेल्ट-पुलीच्या तत्त्वावरचा सीव्हीटी असतो आणि त्याचं काम सगळ्यांना जमत नाही.

एअर सस्पेन्शन असलेली मोठी सेडान घेणार असाल तर जास्त जपून. हवेच्या फुग्याचं रबर वयाने चिरतं, हवा गळते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत चालतो आणि शेवटी तोही जातो. रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली, की समजायचं.

आता पाटी-पेन्सिल घ्या

खालचे आकडे मी हिशोबासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावातल्या गॅरेजचा अंदाज घ्या आणि ते बदला. पद्धत तीच राहील. गाडी ९ लाखांची, वर्षाला १०,००० किलोमीटर.

पहिलं वर्ष :
- घेतल्याबरोबरची सगळी सर्व्हिस (इंजिन ऑइल, गिअरबॉक्स ऑइल-पॅन, कूलंट, ब्रेक ऑइल, फिल्टर, बेल्ट) : १,२०,०००
- चार टायर : ८०,०००
- ट्रान्सफर आणि इन्शुरन्स : ५०,०००
- मोठ्या कामासाठी राखीव : १,५०,०००
- डिझेल (लिटरला १२ किलोमीटर, ९० रुपये भाव) : ७५,०००
- वर्षभरात पडलेली किंमत : १,५०,०००
- अडकलेल्या ९ लाखांचं १२ टक्क्यांनी व्याज : १,०८,०००

एकूण ७,३३,०००. महिन्याला साधारण ६१,०००. किलोमीटरला ७३ रुपये.

दुसऱ्या वर्षी टायर आणि पहिली मोठी सर्व्हिस नाही. सर्व्हिस ४०,०००, इन्शुरन्स ४०,०००, राखीव १,५०,०००, डिझेल ७५,०००, घसारा १,००,०००, व्याज ९०,०००. एकूण ४,९५,०००. म्हणजे दोन वर्षांत सव्वाबारा लाखांचा भार. गाडी घेतली होती नऊ लाखांत!

कोणी म्हणेल, "सर, व्याज आणि घसारा खिशातून जात नाही." बरोबर. ते काढून टाका. तरी पहिल्या वर्षात ९ लाखांवर आणखी पावणेपाच लाख रोख लागू शकतात. आणि ते हप्त्यासारखे दरमहा येत नाहीत, एका दिवशी एकदम येतात. ईएमआय आधी माहीत असतो, गिअरबॉक्स विचारून जात नाही. छोट्या धंद्याला मारतो तो हाच अचानकपणा. दादांचं नेमकं हेच झालं.

"पण सर, टॅक्स वाचतो ना?"

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो.

गाडीवर घसारा १५ टक्क्यांनी मिळतो. ९ लाखांवर पहिल्या वर्षी १,३५,०००. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वाचलेला कर ४०,५००, सेस वेगळा. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्मा. घरच्या वापराचा हिस्सा वजा होतो. आणि तुम्ही अंदाजित नफ्याच्या योजनेत, म्हणजे ४४एडी मध्ये रिटर्न भरत आला असाल, तर घसारा त्यात धरलेलाच असतो, वेगळा मिळत नाही.

जीएसटीचं बघू. ड्रायव्हर धरून १३ सीटपर्यंतच्या गाडीवर इनपुट क्रेडिट सहसा मिळत नाही. तिच्या दुरुस्तीवर आणि इन्शुरन्सवरही नाही. गाड्यांचा व्यापार, प्रवासी वाहतूक, ड्रायव्हिंग स्कूल असे अपवाद आहेत, पण फॅब्रिकेशनवाला त्यात बसत नाही. शिवाय घसारा घेतलेली गाडी नोंदणीकृत धंद्याने विकली आणि विक्रीची किंमत पुस्तकातल्या शिल्लक किमतीपेक्षा जास्त आली, तर त्या फरकावर १८ टक्के जीएसटी लागतो. सगळं तुमच्या सीएला दाखवून घ्या. पण चाळीस हजारांचा कर वाचवायला सात लाखांचा खर्च ओढवणं, याला कर नियोजन म्हणत नाहीत.

इन्शुरन्समधली बारीक अक्षरं

१५०० सीसीवरच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी प्रीमियम २०२२ मध्ये ७,८९७ रुपये ठरला होता. तो छोटा भाग. खरी गोम क्लेममध्ये आहे. जुन्या गाडीला झिरो-डेप सहजी मिळत नाही. मग क्लेममध्ये प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मे पैसे तुमचे. धातूच्या पार्टवर पाच ते दहा वर्षांपर्यंत ४० टक्के आणि दहा वर्षांनंतर ५० टक्के कपात. बंपर, रेडिएटर आणि एक हेडलाइट गेला की इन्शुरन्स असूनही किती रक्कम तुमच्यावर येईल, ते आधीच एजंटकडून लिहून घ्या. आणि गाडी नावावर झाली की पॉलिसीही १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाच्या नावावरची पॉलिसी क्लेमच्या वेळी डोकेदुखी ठरते.

दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त का?

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ पासून राष्ट्रीय हरित लवादाचे निर्बंध आले, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरलं. म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर पडायला लागल्या. पण महाराष्ट्रात आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हवी. इथे पुन्हा रोड टॅक्स भरून एमएच नंबर घ्यायचा. डिझेल गाडीचा रोड टॅक्स आपल्याकडे पेट्रोलपेक्षा जास्त आहे, आणि कंपनीच्या नावावर घेतली तर आणखी. टोकन देण्याआधी आरटीओत जाऊन त्याच गाडीचा टॅक्स किती बसेल ते काढा. स्वस्ताई बऱ्याचदा तिथेच संपते.

आणखी एक तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ ची गाडी २०२७ मध्ये पुन्हा पासिंगला येणार. फेरनोंदणीची फी २०२२ पासून कारसाठी ५,००० रुपये झाली, वर पर्यावरण कर, आणि त्याआधी गाडी फिटनेससाठी तयार करण्याचा खर्च. पुढचा गिऱ्हाईकही हेच मोजणार, म्हणून त्या सुमारास विकायची किंमत आणखी पडते.

टोकन देण्याआधी : माझी यादी

१. आरसी आणि चॅसिस नंबर जुळतात का, मालक कितवा, ई-चलान थकलंय का, ते परिवहनच्या साइटवर बघा. जुनी गाडी असेल तर एचएसआरपी नंबरप्लेटही बघा.
२. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३० सही केलेले.
३. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिसचा इतिहास काढा. मीटर मागे फिरवला असेल तर इथे कळतं. बीएमडब्ल्यूच्या किल्लीतही किलोमीटरची नोंद राहते.
४. कंपनीच्या पद्धतीचा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये तपासणी करा. पाच-सात हजार गेले तरी चालतील. विकणारा तपासणीला नाही म्हणाला, तर आपणही नाही म्हणायचं.
५. सकाळी थंड इंजिन. मग अर्धा तास चालवून गरम गिअरबॉक्स. दोन्ही बघायचं.
६. तुमच्या शहरात तिचं काम करणारे किमान दोन गॅरेज आहेत का? एकच असेल तर भाव तोच ठरवणार.

मग घ्यायचीच नाही का?

असं मी म्हणणार नाही. ज्याला गाडीची मनापासून हौस आहे, घरात दुसरी गाडी आहे, ही पंधरा दिवस गॅरेजमध्ये पडली तरी धंदा अडत नाही, त्याने जरूर घ्यावी. नियम एकच : गाडीच्या किमतीशिवाय तिच्या जवळपास निम्मी रक्कम वेगळ्या एफडीत हवी. नऊ लाखांच्या गाडीला चार लाख. आपल्या हिशोबातली पहिली सर्व्हिस, टायर, ट्रान्सफर-इन्शुरन्स आणि राखीव मिळून नेमके चार लाखच होतात. आणि हे तेरा लाख खेळत्या भांडवलातले नकोत, सीसीमधले तर मुळीच नकोत. धंद्याबाहेर काढलेल्या नफ्यातले हवेत.

"गिऱ्हाइकावर छाप पडते," असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो : गेल्या वर्षीच्या दहा मोठ्या ऑर्डर लिहा. त्यातल्या किती जणांनी तुमची गाडी बघितली होती? मोठ्या मीटिंगला लागलीच तर ड्रायव्हरसकट गाडी भाड्याने घ्या. दिवसाला १५,००० धरले आणि महिन्यातून दोनदा घेतली, तरी ३०,०००. आपला आकडा ६१,००० होता.

जाता जाता, दादांचं सांगतो. ती गाडी त्यांनी तोट्यात विकली. सोनं पुढच्या दिवाळीआधी सोडवलं. सध्या साधी हॅचबॅक चालवतात. मागच्या महिन्यात वर्ग संपल्यावर पुन्हा थांबले आणि मोबाइल पुढे केला. परत एक काळी सेडान! मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. वरचा सगळा हिशोब त्यावर, स्वतःच्या हाताने लिहिलेला. खाली लिहिलं होतं : "एफडी जमा १ लाख ६० हजार. हवेत ४ लाख."

मी विचारलं, "मग दादा?"

"थांबतो सर. गाड्या कुठे पळून चालल्यात?"

तुम्हीही आज असा कागद करा. गाडीचं नाव वर लिहा, आणि खाली एफडीतली रक्कम. दोन्हीत किती अंतर आहे ते बघा आणि मगच टोकन द्या.